कोणाचं तिकीट राहिलंय?

रेल्वेचं ई-तिकीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. डबा, बर्थ, सुटण्याची वेळ आणि आपल्या नावाचं स्पेलिंग ठीक आहे म्हटलं की माणूस मोबाइल खिशात टाकतो. पण प्रवास लांबचा असला आणि पुस्तक घरी राहिलं असलं की हाताला लागेल ते वाचावं लागतं. काही वर्षांपूर्वी असंच मी तिकीट तळापर्यंत वाचत गेलो, तर तिथे रेल्वेने मलाच एक प्रश्न विचारून ठेवला होता. तुमच्या भाड्याचा ४३ टक्के भार देशातले सामान्य नागरिक उचलतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मला ठाऊक नव्हतं. मी डब्यात नजर फिरवली. समोरच्या आजी दशम्या सोडत होत्या, वरच्या बर्थवर एक पोरगा कानात इअरफोन घालून झोपला होता आणि खिडकीपाशी दोन व्यापारी सोयाबीनच्या भावावरून एकमेकांना धीर देत होते. यातला सामान्य नागरिक कोणता ते कळेना. त्या सगळ्यांच्या तिकिटावरही तेच वाक्य असणार, म्हणजे तेही माझ्यासारखेच आश्रित. मग आमचं उरलेलं भाडं भरणारा तो दानशूर आहे तरी कुठे? तेवढ्यात एक फाटक आलं. फाटकापलीकडे एक मोटारसायकलवाला उभा होता. मागे बायको, टाकीवर पोर, हँडलला पिशवी. पेट्रोलवरचा कर भरून वर आमच्यासाठी ताटकळत थांबलेला. हाच तो, असं मला वाटलं आणि मी त्याला हात केला. त्याने केला नाही.

त्याचंही बरोबर आहे. आपण कोणाचं तरी तिकीट काढतोय हे त्याच्या गावीही नसणार. आणि तोच मोटारसायकलवाला उद्या रेल्वेत बसला की मी घरबसल्या त्याचं तिकीट काढणार, हे माझ्याही लक्षात राहणार नाही. रेल्वेने निदान विचारलं तरी. बाकीच्या गाड्या विचारत नाहीत, पण त्यांच्या पोटातही असाच एक न दिसणारा प्रवासी बसलेला असतो. तो गाडीत कधी चढत नाही, पैसे मात्र तोच भरतो.

आता आपली एसटी घ्या. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. पुढे १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला आणि एसटीचा संसार त्या कायद्याखाली आला. त्या कायद्यात एक कलम असं सांगतं की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर करावा. आणि एसटीचं ब्रीद काय, तर ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. म्हणजे कायदा म्हणतो दुकान चालव आणि ब्रीद म्हणतं अन्नछत्र चालव. पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ ही बाई दोन्ही सासवांचं ऐकत आली आहे, आणि दोघीही तिच्यावर नाराज आहेत.

या नाराजीचं दर्शन घ्यायचं असेल तर कराडच्या स्टँडवरून पाटणची साधी गाडी पकडावी. बाजाराचा दिवस असावा. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि एखादं लहान मूल आत गेलेलं असतं. यथावकाश माणसंही जातात. मग कंडक्टर त्या गर्दीतून वाट काढत, मशीन छातीशी धरून, एकच वाक्य म्हणत पुढे सरकतो. कोणाचं तिकीट राहिलंय?

परवा अशाच गाडीत माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा होते. प्लास्टिकच्या पिशवीत प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात आधार कार्ड.

“आजोबा, पंच्याहत्तर झाली का पुरी?”

“बघ की कार्डावर. एक जूनचा जन्म हाय.”

एक जून! त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनचा आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींना जी तारीख सोयीची वाटली ती लिहिली गेली आणि आयांच्या कळा, अमावास्या-पौर्णिमा सगळं रद्द झालं. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. एसटीचाही जन्म एक जूनचाच. २०२३ साली तिचीही पंच्याहत्तरी पूर्ण झाली. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केलेला आहे, तेव्हा नियमाने बघायला गेलं तर आता एसटीलाही एसटीत फुकट बसता यायला हवं. आजोबांना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. त्यांनी ते घडी घालून, आधार कार्डाबरोबर, दोन्ही पिशव्यांच्या आत जपून ठेवलं. पैसे मोजून घेतलेलं तिकीट इतकं जपणारा माणूस मी पाहिलेला नाही.

पुढे बायकांची रांग. मार्च २०२३ पासून त्यांना अर्धं तिकीट. तेव्हापासून बाजाराच्या गाडीत बायकांची गर्दी किती वाढली ते सांगायला आकडे नकोत, कोणत्याही स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. त्यानंतर कॉलेजच्या पोरी, त्यांचा पास. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत तो फुकट मिळतो. मग एक पासष्टीचे गृहस्थ, अर्धं. शेवटी पांढऱ्या शर्टातल्या एका चाळिशीच्या माणसाची पाळी आली. त्याने पूर्ण तिकिटाचे पैसे काढले, कंडक्टरच्या हातावर ठेवले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, “म्हाताऱ्यांना फुकट, बायकांना अर्धं, पोरींना पास. म्हणजे ही गाडी चालवतोय कोण? आम्हीच नव्हं?”

कोथिंबिरीचं गाठोडं पायाशी घेऊन बसलेल्या बाई वळल्या. “गाडी डायवर चालवतोय. तुमी खाली बसा, पडाल.”

गाडी हसली. पण बाईंचं संपलं नव्हतं. “आणि दादा, माझं अर्धं तिकीट माफ झालं. आधी ते पुरं कुणाच्या खिशातनं जात हुतं? मालकाच्याच की. मग वाचलं कुणाचं?”

पांढरा शर्ट गप्प झाला. अर्थखात्यातले लोक लाभ शेवटी कोणाच्या पदरात पडतो यावर जाड जाड अहवाल लिहितात. बाईंनी तो विषय कराड ते पाटणच्या दरम्यान निकालात काढला.

वास्तविक त्या माणसाचा हिशेब दुसऱ्याच ठिकाणी चुकत होता. सवलतीचे पैसे तो भरत नव्हता. निदान त्या तिकिटातून तरी नाही. सवलत सरकार जाहीर करतं आणि तिची रक्कम सरकारने एसटीला द्यायची असते. त्या रकमेला सरकारी कागदात प्रतिपूर्ती म्हणतात. एसटीत अशा तीसेक प्रकारच्या सवलती आहेत: विद्यार्थी, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, पुरस्कारप्राप्त खेळाडू, पत्रकार आणि अर्थातच आमदार. आमदारांसाठी तर बाकही राखून ठेवलेला असतो, वर तसं लिहिलेलंही असतं. त्या बाकावर साक्षात आमदार बसलेला पाहण्याचा योग माझ्या आयुष्यात आलेला नाही, पण त्या पाटीखाली बसून ऐसपैस डुलकी काढणारे मतदार मी पुष्कळ पाहिलेत. लोकशाहीत याहून वेगळं काय हवं?

गंमत पुढेच आहे. सरकार एका हाताने प्रतिपूर्ती देतं, आणि दुसऱ्या हाताने एसटीच्या तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतं. शिवाय डिझेलवरचा कर आहे. टोलनाक्यावर खाजगी मोटारीच्या मागे लालपरीही रांगेत उभी राहून टोल भरते. २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया अपघात साहाय्यासाठी जातो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो एक रुपया प्रवाशाच्याच उपयोगी पडतो. मुंबईच्या बसच्या तिकिटातून तर प्रवासी कराच्या जोडीला पोषण अधिभार म्हणूनही काही सरकारकडे जात आला आहे. बसमध्ये उभं राहून आपण कुठल्यातरी बाळाला खिचडी भरवतोय हे कळलं असतं, तर माणसं जरा कमी भांडली असती.

म्हणजे सरकार प्रवाशाला सवलत देतं, सवलतीचे पैसे एसटीला देणं लागतं, एसटी सरकारला कर देणं लागते, आणि या खिशातून त्या खिशात जाताना मध्येच कुठेतरी ड्रायव्हर-कंडक्टरच्या पगाराची तारीख पुढे जाते. २०२५ च्या जूनमध्ये एसटीची श्वेतपत्रिका निघाली. साठत आलेला तोटा १० हजार कोटींच्या वर गेला होता. आकडा वाचून चौकात लोक हळहळले. चौकातला रस्ता काँक्रीटचा होता, नवा होता, त्याला कोणी पै दिलेली नव्हती, आणि त्याची श्वेतपत्रिका कधीच निघणार नव्हती. आंबेनळी घाटाला कोणी विचारत नाही की बाबा रे, यंदा तुझ्यावर इतका खर्च झाला, तू कमावलंस किती. घाटावरून जाणाऱ्या गाडीला मात्र दर फेरीला विचारतात.

आपल्याकडे हा सगळा मामला गणपतीच्या वर्गणीसारखा आहे. पहिल्या दिवशी ज्याने मोठ्या रकमेची पावती फाडली तो दुकानदार दहा दिवसांत आरतीला एकदाही येत नाही. जो रोज आरतीला असतो, पुढे उभा राहून टाळ्या वाजवतो आणि प्रसाद दोनदा घेतो, त्याने वर्गणीच्या वेळी दार उघडलेलं नसतं. मंडळाला हे ठाऊक असतं. पण मंडळ प्रसाद वाटताना पावती बघत नाही. दुकानदारही मनात हिशेब करतो की मंडपामुळे दहा दिवस गल्लीत गर्दी राहिली आणि आपली विक्री झाली. तो काही धर्मादाय करत नाही. बसच्या बाबतीत आपण हे दुकानदाराचं गणित विसरतो. बसमुळे गिऱ्हाईक दुकानात येतं, कामगार कारखान्यात वेळेवर पोचतो, बाई धुणीभांड्याला येते, प्लॉटचा भाव चढतो. हे सगळे लोक बसमध्ये नसतात. मग त्यांची पावती कोण फाडणार?

मुंबईने ही पावती फार वर्षं फाडली, आणि तीही कोणाला न सांगता. ट्राम आणि वीज तिथे एकाच घरात वाढल्या. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ च्या जुलैत अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली, आणि स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ७ ऑगस्ट १९४७ ला, हा सगळा बारदाना महापालिकेच्या ताब्यात आला. तेव्हापासून ‘बेस्ट’ची वीज नफा करायची आणि बस तो खर्चून टाकायची. दोन भावांपैकी एक मिळवता आणि एक गावभर फिरणारा, असं हे एकत्र कुटुंब होतं. यातली खरी मजा अशी की ‘बेस्ट’ची वीज फक्त शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. उपनगरात वीज दुसऱ्या कंपन्यांची. बस मात्र दहिसरपर्यंत, मुलुंडपर्यंत, खाडी ओलांडून नवी मुंबईपर्यंत. म्हणजे कफ परेडच्या फ्लॅटमध्ये रात्रभर एसी चालू राहायचा आणि त्यावर गोराईची बस निघायची. एसी लावून झोपलेल्या शेठजींना स्वप्नातही कल्पना नव्हती की ते कोणाला तरी बोरिवली स्टेशनवर सोडायला निघालेत.

२००३ चा वीज कायदा आला आणि विजेचा हिशेब विजेपुरता ठेवा असं सांगितलं गेलं. मग परिवहनाच्या तुटीचा आकार वीजबिलात वेगळा दिसायला लागला. दिसायला लागल्याबरोबर दुखायलाही लागला. आयोग झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पुढे तो आकार गेला. बस मात्र होती तिथेच राहिली, तुटीसकट. तिचं ओझं महापालिकेकडे गेलं. २०१९ च्या जुलैत किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, एसी बसला सहा. एका वडापावात शहराचा अर्धा पश्चिम किनारा बघून येता यायचा. मे २०२५ मध्ये त्याचे दहा आणि बारा झाले. दुप्पट झाले म्हणून ओरड झाली, तीही बरोबरच होती, कारण पाच रुपयांची सवय लागलेल्या माणसाला दहा हे दहा वाटत नाहीत, दुसऱ्याचे पाच आपल्या खिशातून गेल्यासारखे वाटतात.

पुण्यात असलं काही गूढ नाही. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ साली एकत्र आल्या आणि संचलन तूट दोन्ही महापालिकांनी साठ-चाळीस अशी वाटून घ्यायची ठरली. पुण्याचे साठ, पिंपरी-चिंचवडचे चाळीस. वाटणी ठरली की भांडण संपतं असं ज्यांना वाटतं त्यांनी भाऊबंदकी पाहिलेली नाही.

मुंबईच्या लोकलचा मासिक पास हा तर आणखी वेगळा चमत्कार. सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. डोंबिवलीचा नोकरदार महिन्यात पन्नास फेऱ्या मारतो. म्हणजे रेल्वे पहिल्या आठवड्याचे पैसे घेते आणि बाकीचा महिना त्याला फुकट नेते. २०१४ च्या जूनमध्ये पासाचं भाडं पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर धरायचं जाहीर झालं होतं. काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरात होती हा केवळ योगायोग म्हणू. पण डोंबिवलीकराला उरलेलं भाडं माफ होतं हे म्हणणं मला पटत नाही. सकाळच्या आठ-वीसच्या फास्टला त्याला एकदा चढताना बघा. एक पाय आत, दुसरा कोणाच्यातरी पायावर, डबा छातीशी, मान खिडकी असेल तिकडे. रेल्वेला ज्या पस्तीस फेऱ्यांचे पैसे मिळत नाहीत, ते ती त्याच्या बरगड्यांतून वसूल करते. त्याची पावती मिळत नाही इतकंच.

खाडीपलीकडे मात्र एकदा शहाणपणा झाला होता. मानखुर्दहून वाशीला लोकल न्यायची तर पैसे कोण देणार, तर सिडकोने खर्चाचा दोनतृतीयांश भाग उचलला आणि रेल्वेने उरलेला. १९९२ च्या मे महिन्यात गाडी वाशीला गेली. सिडकोकडे पैसे आले कुठून? जमिनीतून. गाडी येणार म्हणून जमिनीला भाव, भाव आला म्हणून गाडीला पैसे. वाशी स्टेशनच्या डोक्यावर कचेऱ्यांची इमारत उभी राहिली, ती याच हिशेबाने. वर लोक संगणकावर बोटं आपटत बसायचे आणि खाली त्यांच्या भाड्याच्या आधाराने लोकल फलाटाला लागायची. शिवाय तिकिटावर अधिभार होताच, म्हणजे प्रवासीही सुटला नाही. पण निदान ज्याच्या मातीचं सोनं झालं त्याने चिमूटभर तरी दिलं.

आता मेट्रोच्या शहरांत हेच जरा उलटं करून ठेवलंय. पुण्यात घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का मेट्रोचा अधिभार असतो. एप्रिल २०२२ पासून. कल्पना वाईट नाही. पण जाहिरात बघा. ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ हे पाच मिनिटांचं वाक्य बिल्डरने चौरस फुटाच्या दरात आधीच धरलेलं असतं. (पाच मिनिटं कोणाची, हेही विचारून घ्यावं, हेलिकॉप्टरचीही असू शकतात.) म्हणजे घर घेणारा एकदा बिल्डरला मेट्रोचे पैसे देतो, एकदा सरकारला देतो आणि पुढे तिकिटाच्या खिडकीवर मेट्रोलाही देतो. ज्याच्या मोकळ्या प्लॉटशेजारी स्टेशन आलं तो वाट बघत बसतो, आणि दर महिन्याला श्रीमंत होत जातो. तो मेट्रोने कधी जाणार नाही. त्याला जायची गरजच नाही, मेट्रोच त्याच्याकडे आली आहे. माझं मत विचाराल तर कंडक्टरने आधी त्याच्याकडे जावं. पॅरिसच्या लोकांनी १९७१ सालीच असं काहीसं केलं. तिथे माणसं कामाला ठेवणाऱ्या मालकांकडून पगाराच्या हिशेबाने वाहतुकीचा कर घेतात. माणूस कामावर वेळेवर पोचतो याचा फायदा मालकाला, तर पोचवण्याचा खर्चही थोडा मालकाने सोसावा. यात कसलं आलंय समाजवाद नि भांडवलशाही, हे साधं वाण्याचं गणित आहे.

खेड्यात मात्र ना प्लॉट, ना मालक, ना एसी. तिथे पैसे कोणाकडून घेणार?

तिथे गाव आपल्या परीने भरत असे. वस्तीची गाडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दिवस मावळता मावळता शेवटची एसटी गावात यायची आणि तिथेच मुक्काम करायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत पथारी टाकायचे. कोणीतरी पिठलं-भाकरी आणून द्यायचं, थंडीत कोणीतरी पहाटे चुलीवरचं गरम पाणी बादलीभर द्यायचं. ड्रायव्हर सगळ्या गावाला नावाने ओळखायचा आणि कोणाची म्हैस व्यायली, कोणाचं लग्न जमलं हे त्याला गावच्या पाटलाच्या आधी कळायचं. पहाटे इंजिन गुरगुरायला लागलं की सगळी वाडी जागी व्हायची. मग दुधाचे कॅन चढायचे, पाटणला शिकणाऱ्या पोरांचे डबे चढायचे. डब्यावर फडक्याच्या गाठीत चिठ्ठी खोचलेली असायची, ‘कालचा डबा धुऊन पाठव’. या डब्यांना तिकीट नसायचं. कंडक्टर ते आपल्या पायाशी ठेवायचा आणि स्टँडवर पोरगं डबा घ्यायला आलं नाही, तर त्याच्या नावाने शिवी हासडून हॉटेलात ठेवून जायचा.

आगारातल्या वहीत या गाडीची नोंद फार वाईट असायची. त्यांच्याकडे भारमान नावाचा एक आकडा असतो: गाडीत माणसं किती बसू शकतात आणि बसली किती. रात्रीची वस्तीची गाडी शेवटच्या तीन वाड्यांना तर चार माणसं आणि एक कोंबडी घेऊन जायची. कोंबडीचं भारमान धरत नाहीत. दुधाचं धरत नाहीत, डब्यांचं नाही, आणि ‘गाडी आहे’ या भरवशावर रात्रीची वेळ असूनही दवाखान्यात जायला घराबाहेर पडणाऱ्या माणसाचं तर नाहीच नाही. दिवसा भरलेली गाडी असते तेव्हा स्टँडच्या बाहेर वडापवाले उभे असतात. दहाच्या जीपमध्ये सोळा माणसं, दोन बोनेटवरही बसवली असती पण काच दिसायला हवी. त्यांचं भारमान एकशे साठ टक्के. त्यांच्याकडे पास नाही, अर्धं तिकीट नाही, आधार कार्ड नाही, आणि संध्याकाळी सातनंतर ते स्वतःही नाहीत. दुधावरची साय वडापने खायची आणि सातनंतरचं ताक एसटीने प्यायचं, मग वर्षअखेरीला विचारायचं की तू इतकी वाळलीस कशी.

माझे मामा या बाबतीत कडक मताचे. सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चारचाकी घेतली आणि तेव्हापासून त्यांचा व्यापारी तत्त्वांवर विश्वास बसला. “ज्याला बसायचंय त्याने भरावं,” ते म्हणायचे. “मी माझं डिझेल भरतो, मग लोकांचं कशाला भरू? रिकामी गाडी डोंगरावर चढवायची आणि तूट आमच्या डोक्यावर. बंद करा म्हणावं.”

२०२१ च्या नोव्हेंबरात ती खरोखरच बंद झाली. एसटीच्या कर्मचाऱ्यांनी राज्य सरकारात विलीनीकरणासाठी संप पुकारला आणि तो लांबत लांबत एप्रिल २०२२ पर्यंत गेला. पहिले आठ दिवस मामांच्या गावातल्या लोकांनी वाट बघितली. मग एके सकाळी मामा पाटणला निघाले असताना फाट्यावर दोन कॉलेजच्या पोरींनी हात केला. मामांनी घेतलं. ओळखीच्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोरी तीन होत्या आणि बीपीच्या गोळ्या आणायला निघालेली एक म्हातारी. तिसऱ्या दिवशी पाटणला मामांचं काही काम नव्हतं, पण पोरी दारातच येऊन उभ्या राहिल्या. परीक्षा जवळ आलेली. मामी म्हणाली, सोडून या.

आठवड्याभरात वेळ ठरली. सात-दहा. दुधाचा एक कॅन डिकीत आला, कॅनच्या मागून दोन डबे आले. लग्नसराईत पत्रिका आल्या. एकदा मामांना उठायला उशीर झाला तर फाट्यावरच्या म्हातारीने घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघून विचारलं, “आज लेट व्हय?” दुसऱ्या एकाने आदल्या रात्री घरी येऊन चौकशी केली की उद्या रविवार आहे, तर गाडीला सुट्टी की कसं? आणि ज्या दिवशी मामा गाडी दारात उभी करून चहा प्यायला आत गेले आणि परत येऊन बघतात तो मागच्या सीटवर, उघड्या काचेतून कोणीतरी जागा धरायला रुमाल टाकून गेलेलं, त्या दिवशी त्यांनी मला फोन केला.

आवाज गंभीर होता. सगळ्या फेऱ्या, किलोमीटर आणि डिझेल त्यांनी बँकेच्या जुन्या डायरीत दुहेरी नोंद पद्धतीने लिहून ठेवलं होतं. म्हाताऱ्यांकडून घेतले नाहीत, पोरींकडून घेतले नाहीत, बाकीचे सुट्टे नाहीत म्हणतात.

“तू लिहितोस-बिहितोस,” मामा म्हणाले. “मंत्रालयात ओळख आहे का कोणाची? ती प्रतिपूर्ती म्हणतात, तिचा अर्ज कुठे करायचा असतो?”